मे महिन्यात हिरवळ पिवळी पडू द्यावी

मार्च उलटला की शहरातल्या गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत एक तक्रार हमखास येते. हिरवळ पिवळी पडत चालली आहे, माळी पुरेसे पाणी घालत नाही, समितीचे लक्ष नाही. तक्रार करणाऱ्यांची तळमळ खरी असते. वर्षभर जपलेली, मुलांनी लोळण घेतलेली, सकाळी अनवाणी चालायला मिळणारी ती जागा डोळ्यांदेखत वाळत जाताना कोणालाही वाईट वाटते आणि मलाही वाटते. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की ही तक्रार चुकीच्या समजावर उभी आहे. आपल्याकडच्या गवताने उन्हाळ्यात पिवळे पडणे हे त्याच्या निरोगीपणाचेच लक्षण आहे, आणि एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी पाजून जी हिरवळ आपण हिरवीगार राखतो, ती दर वर्षी आतून अधिक दुबळी होत जाते. एवढे मान्य केले तर टंचाईच्या दिवसांत बागांना पाणी द्यावे की देऊ नये, या दरसालच्या वादाचे स्वरूपच बदलते, कारण गवत जगवायचे आणि पाणी वाचवायचे यांत मग फारसे भांडण उरत नाही.

मी पुण्याच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहते. आमच्या आवारात सुमारे ४०० चौरस मीटर हिरवळ आहे. गेल्या उन्हाळ्यात पाणीपुरवठा कमी झाल्यावर इमारतीच्या सूचनाफलकावर पाणी जपून वापरण्याची विनंती लागली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी नेहमीप्रमाणे हिरवळीवर पाइप सुरू होता. मी वीस लिटरची बादली घेऊन गेले आणि त्या पाइपखाली धरली. ती भरायला ७० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला साधारण १७ लिटर पाणी पडत होते. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास असा पाइप चालतो, म्हणजे रोज २,००० लिटरहून थोडे अधिक. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने आमची हिरवळ रोज पंधरा माणसांचे पाणी पिते. मार्चच्या सुरुवातीपासून पाऊस येईपर्यंतचे शंभर दिवस धरले तर हा आकडा २ लाख लिटरवर जातो, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. आमची हिरवळ मोठी नाही आणि आमचा माळी उधळ्या नाही. नेमक्या याच कारणाने तो आकडा मला अस्वस्थ करून गेला.

त्याहून अधिक अस्वस्थ केले ते पुढच्या गोष्टीने. पाणी घालून झाल्यावर माळीकाकांकडून खुरपे घेऊन मी एका कडेला वीतभर माती उकरली. वरची दोन बोटे माती ओली होती आणि त्याखाली ती पिठासारखी कोरडी होती. गवताची सगळी मुळे त्या दोन बोटांच्या थरात एकमेकांत गुंतून चटईसारखी पसरलेली होती, कारण रोज थोडे थोडे पाणी वरच मिळत असेल तर मुळांनी खाली जाण्याचे काही कारणच राहत नाही. दख्खनच्या पठारावर भर उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडून जाऊ शकते. संध्याकाळी शिंपडलेले पाणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या वरच्या थरातून निघून जाते, गवत मान टाकते, आणि त्याला पाणी कमी पडले असे समजून आपण पाइप आणखी अर्धा तास चालवतो. या फेऱ्यात अडकलेल्या हिरवळीला एक दिवस जरी पाणी मिळाले नाही तरी ती कोलमडते.

आता याच्या शेजारी शेताच्या बांधावरची हरळी ठेवून पाहा. आपल्या लॉनमध्ये असणाऱ्या गवतांपैकी मोठा भाग याच हरळीचा किंवा तिच्या सुधारित जातींचा असतो. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, आणि शेतकऱ्याला नको नको करून सोडणारे तणही हेच. तिचा तग कशात आहे हे शेतकऱ्याला नीट ठाऊक असते. नांगरट झाल्यावर हरळीच्या काशा वेचून बांधावर टाकाव्या लागतात, कारण जमिनीखालच्या त्या आडव्या खोडाचा एखादा पेर जरी मातीत राहिला तरी त्यातून नवे फुटवे येतात. कुळ टिकून राहावे यासाठी ‘हरळीच्या मुळीसारखे’ असे आपण म्हणतो ते उगाच नाही. पाणी संपले की हे गवत पाती सोडून देते, जीव पेरांत आणि काशांत आवरून घेते आणि थांबते. आमचे माळीकाका औसा तालुक्यातले आहेत. मी उकरलेली माती पाहून ते म्हणाले, “ताई, आमच्या बांधावरची हरळी मे महिन्यात पार वाळून जाती, ढोरंसुद्धा तोंड लावत नाहीत. पण मिरगाचा पाऊस पडला की आठ दिवसांत परत तोंड काढती.” मग हे समितीला का सांगितले नाही, असे विचारले, तेव्हा ते म्हणाले की पिवळे दिसले तर पगार कापतील. एका माणसाला गवताचे सगळे कळते आणि तेच त्याला बोलता येत नाही, ही आपल्या आवारांतली स्थिती आहे, आणि तिची लाज आपल्याला वाटायला हवी.

खरे तर आपल्या मुलखाचा उन्हाळ्यातला रंगच मुळी सोनेरी आहे. सोलापूर, अहिल्यानगर, बारामती या भागांतली माळराने फेब्रुवारीपासून पिवळी पडतात. पवन्या, मारवेल, कुसळी ही त्यांवरची गवते पावसाळ्यात वाढतात, बी धरतात आणि उन्हाळ्यात वाळून उभी राहतात, आणि त्या वाळलेल्या माळावर लांडगा, चिंकारा, धाविक असे कितीतरी जीव जगतात. या जमिनींना सरकारदरबारी ‘पडीक’ म्हटले गेले, कारण हिरवे म्हणजे जिवंत आणि पिवळे म्हणजे मेलेले ही समजूत फार खोलवर गेलेली आहे. जिथून कातरलेल्या हिरवळीची कल्पना आपल्याकडे आली त्या इंग्लंडमध्येसुद्धा २०२२ च्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर गेला, तेव्हा लंडनमधली उद्याने गवताच्या गंजीसारखी पिवळी पडली होती, आणि शरद ऋतूतल्या पावसाने ती पुन्हा हिरवी झाली. मग वर्षातले सात-आठ महिने कोरडे असणाऱ्या पठारावर आपण मात्र बारमाही हिरव्याचा हट्ट धरून बसावे, हे मला पटत नाही.

हिरवळ पिवळी पडू द्यावी याचा अर्थ तिच्याकडे पाठ फिरवावी असा नव्हे. कोरड्या दिवसांत तिची काळजी घ्यावी लागते, फक्त ती पाइप धरण्याची नसते. सर्वांत मोठी चूक कापणीची होते. माळ्याच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून कापणीयंत्र सर्वांत खालच्या खुणेवर ठेवले जाते आणि गवत जमिनीलगत भादरले जाते. जितकी पाती वर तितकी मुळे खाली, हा साधा हिशेब आहे. पाती आखूड झाली की मुळांना अन्न कमी पोहोचते आणि उघडी पडलेली माती उन्हाने तापून आणखी लवकर सुकते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून कापणीची उंची चार-पाच सेंटिमीटरवर न्यावी, एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापू नये, कापलेले बारीक गवत तिथेच पडू द्यावे म्हणजे मातीवर सावली राहते, आणि यंत्राच्या पात्याला धार लावून घ्यावी. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते. फाटलेली टोके पांढरी पडतात आणि ते पाहून पुन्हा पाण्याचीच ओरड होते. युरियाचेही तसेच आहे. गवत फिके दिसते म्हणून एप्रिलमध्ये नत्र दिले तर त्याला अवेळी फुटवे येतात आणि ते फुटवे जगवायला पाणी लागते. खत द्यायचे ते पहिला चांगला पाऊस झाल्यावर, आणि तेव्हाही चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर पसरणे अधिक हिताचे.

पाणी द्यायचेच तर ते क्वचित द्यावे आणि भरपूर द्यावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन पाळ्यांतले अंतर हळूहळू वाढवत नेले की मुळे पाण्यामागे खाली उतरतात. किती पाणी पडले हे मोजायला हिरवळीवर सरळ भिंतीचे चार-पाच डबे ठेवून त्यांत पट्टी बुडवली तरी पुरते. गवताला तहान लागली आहे का हे त्याच्यावरून चालून पाहिले की कळते: पावलांचे ठसे लगेच उठून आले नाहीत आणि पात्यांवर निळसर करडी झाक दिसली की पाण्याची वेळ आली. पाणी पहाटे द्यावे, कारण तेव्हा वारा कमी असतो आणि ऊन चढायच्या आत ते मुरते. एकदा गवत पिवळे पडून झोपी गेले की मात्र त्याला सारखे उठवू नये. आठ दिवस पाणी देऊन कोंब काढायला लावायचे आणि टँकर आला नाही म्हणून पुन्हा वाळू द्यायचे, यात काशांत साठवलेले अन्न खर्ची पडते, आणि हिरवळ मरते ती बहुधा अशा धरसोडीने. झोपलेल्या गवताचे पेर जिवंत राहावेत एवढ्यासाठी तीन आठवड्यांतून एकदा बारा मिलिमीटर पाणी पुरेसे आहे. आमच्या ४०० चौरस मीटरला त्यासाठी ४,८०० लिटर लागतील आणि शंभर दिवसांत पाच वेळा द्यायचे म्हटले तर २४,००० लिटर, म्हणजे वीस टँकरांच्या जागी अडीच.

एक अडचण मला मोकळेपणाने मांडली पाहिजे. वर सांगितलेले सगळे जमिनीवरच्या हरळीला लागू पडते. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या अनेक संकुलांत मात्र हिरवळ ही वाहनतळाच्या छतावर, काँक्रीटच्या स्लॅबवर, बाहेरून आणलेल्या जेमतेम सहा-आठ इंच लाल मातीत लावलेली असते, आणि तीही बहुतेक ठिकाणी मऊ गाद्यांसारख्या दिसणाऱ्या मेक्सिकन लॉनची. तिथे मुळांना खाली जायला जागाच नाही, स्लॅब खालूनही तापतो, आणि त्या मातीत ओल धरून ठेवण्याची ताकद नसते. अशी हिरवळ झोपवून जगेलच असे नाही. तिच्या बाबतीत माझे मत कठोर आहे: जी हिरवळ पाऊस संपल्यापासून पुढच्या पावसापर्यंत टँकरच्याच आधाराने उभी राहते ती लावायलाच नको होती, आणि जिथे ती मरेल तिथे पुन्हा न लावता कमी पाण्यावरची झुडपे लावावीत. प्लॅस्टिकचे गवत हा त्यावरचा उपाय मुळीच नाही. भर दुपारी ते इतके तापते की मुलांनी अनवाणी पाऊल ठेवायची सोय राहत नाही, आणि काही वर्षांनी त्याचा कचरा होतो.

हा प्रश्न एखाद्या आवारापुरता नाही, याची जाणीव महाराष्ट्राला २०१६ साली झाली होती. त्या वर्षी लातूर शहराला पिण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून ‘जलदूत’ची पहिली गाडी १२ एप्रिलला लातूरला पोहोचली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत साधारण ५ लाख लिटर पाणी होते. एका शहराच्या घशाला कोरड पडलेली असताना साऱ्या देशाने कौतुकाने पाहिलेले ते पाणी आमच्या सोसायटीच्या एका हिरवळीला अडीच उन्हाळे पुरले असते. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. तो निर्णय योग्य होता असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. पण त्या निमित्ताने झालेली चर्चा क्रिकेटच्या मैदानापाशीच थांबली. मैदानावर निदान कोणी तरी खेळते. रस्त्याच्या दुभाजकांतल्या, कार्यालयांच्या दर्शनी भागातल्या, विश्रामगृहांसमोरच्या आणि बंगल्यांच्या अंगणातल्या हिरवळी त्याच उन्हाळ्यात किती पाणी पीत होत्या, हा प्रश्न कोणी लावून धरल्याचे मला आठवत नाही.

नियम करायचा तर त्याची रेघ कुठे ओढावी, याबाबत अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचा कायदा मला विचार करण्याजोगा वाटतो. कोलोरॅडो नदीचे पाणी आटू लागल्यावर २०२१ साली तिथे असे ठरले की राज्याच्या दक्षिण भागात ज्या गवताचा कोणालाच उपयोग नाही, म्हणजे दुभाजकांतले, रस्त्याकडेचे, संकुलांच्या प्रवेशद्वाराशी केवळ शोभेसाठी लावलेले, त्याला २०२६ संपल्यानंतर त्या नदीचे पाणी द्यायचे नाही. घराच्या अंगणातले गवत, बागा, शाळांची मैदाने यांना हात लावलेला नाही. हिरवळ पायांखाली येते की नुसती डोळ्यांसमोर असते, हा भेद आपल्याकडेही लावता येईल आणि त्याची खूण आपल्याकडे आयतीच लावून ठेवलेली आहे. ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी जिथे आहे तिथले पाणी आधी बंद करावे. ज्या गवतावर मुलांना धावता येत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना टेकता येत नाही, त्याने पंधरा माणसांचे पाणी मागण्याचा काही अधिकार नाही.

यावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप असा की हिरवळीने आवार थंड राहते आणि धूळ बसते. हे खरे आहे. पाणी पात्यांतून वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जाते. पण तेवढेच पाणी कडुनिंबाच्या किंवा करंजाच्या कोवळ्या रोपांना दिले तर चार-पाच वर्षांत ती सावली धरतात, त्यानंतर त्यांना पाण्याची फारशी गरज राहत नाही, आणि सावली ही ओल्या गवताहून कितीतरी अधिक गारवा देते. धुळीचे म्हणाल तर उंच राखलेले वाळके गवतही माती धरून ठेवते, फक्त ते जमिनीलगत भादरलेले नसले पाहिजे.

दुसरे म्हणणे बोअरचे. “आम्ही महापालिकेचे पाणी वापरत नाही, बोअर आमचे आहे,” हे मी दर बैठकीत ऐकते. बोअर आपले असेल, पाणी आपले नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण पाणी भरभरून साठवत नाही. ते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत राहते, त्या भेगा कुंपण ओळखत नाहीत, आणि आपला पंप एप्रिलमध्ये जे ओढतो ते मेमध्ये शेजारच्या वस्तीच्या हापशाला कमी पडते.

सांडपाण्याचा मार्ग मात्र मी मनापासून उचलून धरते. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि त्यासोबत सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची जबाबदारी येते. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूत पिण्याचे पाणी बागेला घालण्यावर बंदी आली, मोडणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरला, आणि चिन्नास्वामी मैदानासाठी शुद्ध केलेल्या सांडपाण्याची सोय करण्यात आली. हे आपल्याकडे व्हायला कसलीच आडकाठी नाही. संकुलातले शुद्धीकरण यंत्र खरोखर चालू असले म्हणजे झाले. अनेक ठिकाणी वीजबिल वाचवण्यासाठी ते बंदच ठेवलेले असते आणि टँकर मात्र येत राहतात. या पाण्यात क्षार अधिक असतात, तेव्हा वर्षानुवर्षे तेच दिले तर माती घट्ट होते. म्हणून पावसाळ्यात निचरा मोकळा ठेवून क्षार धुऊन जाऊ द्यावेत, आणि ते पाणी मुले खेळत असताना फवारू नये. या पाण्यावरही पहिला हक्क झाडांचा आणि खेळाच्या मैदानांचा असावा, शोभेच्या गवताचा शेवटी.

महापालिकांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. धरणे तळाला गेल्यावर मे महिन्यात घाईने काढलेल्या बंदीचा उपयोग होत नाही, कारण तोवर रोजच्या पाण्यावर लाडावलेली हिरवळ एकदम तोडली तर खरोखरच मरते आणि मग लोक चोरून पाणी घालतात. मुळे खाली उतरवण्याचे काम फेब्रुवारीत सुरू व्हावे लागते. म्हणून सूचना जानेवारीअखेर निघावी, तिच्यात शोभेच्या हिरवळीला १ मार्चपासून पावसापर्यंत पिण्याचे, बोअरचे किंवा टँकरचे पाणी रोज देता येणार नाही असे स्पष्ट म्हटलेले असावे, आणि महापालिकेने ती आधी स्वतःच्या दुभाजकांना आणि उद्यानांना लागू करावी. उद्यानाच्या दारात ‘हे गवत झोपलेले आहे, पावसाने उठेल’ असा साधा फलक लावला तर शंभर तक्रारी वाचतील आणि माळ्यांच्या मागचे शुक्लकाष्ठही सुटेल.

आमच्या सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेसाठी मी ठरावाचा मसुदा दिला आहे. त्यात हिरवळीच्या नळाला वेगळे मीटर बसवावे, कापणीची उंची फेब्रुवारीत वाढवावी, पाणी तीन आठवड्यांनी एकदा द्यावे, आणि गवत पिवळे पडले म्हणून माळीकाकांचा एक रुपयाही कापला जाऊ नये, अशी चार कलमे आहेत. पहिल्या तीन कलमांवर चर्चा आणि तडजोड व्हायला माझी हरकत नाही. चौथे मी मागे घेणार नाही.